अकरा हिरवी घड्याळं आणि बारावं

चंद्रप्रभाबाईंच्या नजरेतून आजवर एकही खोट सुटलेली नाही. दुसरं कुणी हे म्हणायच्या आत त्या स्वतःच म्हणून टाकत, म्हणजे वाट बघावी लागत नसे. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा असो, शेजारणीच्या पैठणीचा पदर असो, मांडवात उभ्या नवरदेवाच्या फेट्याचा तुरा असो, बाईंची मान किंचित तिरकी झाली की समोरच्याने समजावं, सापडलं काहीतरी. शाळा चौथीपर्यंत. तीही वाईजवळच्या एका खेड्यात, आणि चौथीत मास्तरांनी फळ्यावर ओढलेली रेघ वाकडी आहे असं सांगून छड्या खाल्लेल्या. पण दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीत एम.ए. झालेल्या बायका नवे पडदे लावण्याआधी त्यांना बोलावून नेत. लावल्यावर बोलावलं तर काय ऐकावं लागतं, ते सगळ्यांनी एकेकदा ऐकलं होतं.

अशा बाई घड्याळांच्या भानगडीत पडल्या त्या मुलामुळे.

सुधन्वा गुरुग्रामला आयटीत. मोठं पद, मोठी खुर्ची आणि मनगटावर नकली घड्याळ. चुकून नकली नव्हे, हौसेने नकली. जी परदेशी घड्याळं खरी घ्यायची तर राहतं घर विकावं लागेल, त्यांच्या हुबेहूब प्रती काढणारे कारागीर जगात असतात आणि त्या प्रती जिवापाड जमवणारे शौकीनही असतात. दिल्ली-एनसीआरमधल्या अशा मराठी शौकिनांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. नाव ‘नकली पण आपलं’. त्यांचा पहिला नियम असा, की कुणी विचारलं तर छाती पुढे काढून नकली आहे म्हणायचं. खरं आहे अशी थाप मारणारा ग्रुपमधून बाहेर. दुसरा नियम, दुसऱ्याच्या घड्याळात खोट दिसली तर तोंडावर सांगायची, आणि ऐकणाऱ्याने रुसायचं नाही.

सुधन्वाची अडचण घरात होती. त्याची बायको रेवती हिचे वडील पद्माकरराव, केंद्र सरकारात अवर सचिव, राहणार लक्ष्मीबाई नगर. त्यांच्या हातात हिरव्या तबकडीचं एक घड्याळ होतं. नऊ वर्षांपूर्वी सरकारी शिष्टमंडळाबरोबर जिनिव्हाला गेले असताना, स्वतः पेढीवर जाऊन, स्वतः निवडून आणलेलं. ते घड्याळ पद्माकरराव असं दाखवत, जसा देवळात पुजारी लांबूनच नैवेद्य दाखवतो. मनगट पुढे यायचं, चमकायचं आणि बाहीत परत. रेवती तर उठता-बसता ऐकवायची, आमचे बाबा आयुष्यात एकच घेतात, पण खरं घेतात. अशा बायकोसमोर नकली घड्याळांचा खण उघडणं म्हणजे वैद्याच्या ओटीवर बसून भजी खाणं. रेवती नवऱ्याचा फोन बिनदिक्कत बघायची. सासूच्या फोनला हात लावायची मात्र अजून तरी तिची छाती झालेली नव्हती. म्हणून सुधन्वाने ग्रुप आईच्या फोनवर घेतला.

“यात घड्याळांचे फोटो येतील,” तो म्हणाला. “तू बघत बसू नकोस.”

चंद्रप्रभाबाईंना ‘बघू नकोस’ सांगणं म्हणजे पोलिसाला पत्ता लिहून देऊन येऊ नका म्हणण्यासारखं होतं.

त्या ग्रुपची एक रीत होती. कुणी घड्याळ मागवलं की पाठवणारा ते पाठवण्याआधी त्याचे फोटो धाडायचा. ते फोटो ग्रुपवर यायचे आणि सगळे मिळून तपासणी करायचे. ठिपके सरळ आहेत का, काटे मापाचे आहेत का, तारखेची खिडकी मधोमध आहे का. पसंत पडलं तर ‘हिरवा’ म्हणायचं, नापसंत पडलं तर ‘लाल’. लाल जास्त झाले की घड्याळ बदलून मागायचं.

पहिल्याच आठवड्यात मानेसरच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या प्रसन्नने एक फोटो टाकला. नऊ जण हिरवा म्हणून बसले. बाईंनी चष्मा पुसला, दोन बोटांनी फोटो ताणला आणि आवाजाचं बटण दाबून बोलल्या, “लाल. वरच्या ओळीतलं तिसरं चित्र लंगडं आहे.”

चित्र म्हणजे इंग्रजी अक्षर. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, आणि तिथेच तर सगळी गंमत होती. शिकलेली माणसं अक्षर बघितलं की वाचतात, आणि वाचलं की बघायचं थांबतात. बाईंना ती अक्षरं म्हणजे दारातली रांगोळी. एक ठिपका हलला तरी डोळ्यात कुसळासारखा जायचा. प्रसन्नने फोटो आणखी मोठा करून पाहिला. तिसऱ्या अक्षराचा उजवा पाय खरोखर आखूड होता.

त्या दिवसापासून ग्रुपचं हायकोर्ट द्वारकेत आलं. कुणीही फोटो टाकला की खालोखाल एकच प्रश्न, काकू काय म्हणतात? काकू काय म्हणायच्या ते माणसं ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन कानाला लावून ऐकायची. प्रसन्नच्या सेकंदकाट्याबद्दल त्या म्हणाल्या की तो अगदी प्रसन्नवर गेलाय, कामात असल्यासारखा थरथरतो, पुढे काही सरकत नाही. चैतन्यच्या घड्याळातल्या तारखेच्या खिडकीला त्यांनी चाळीतली खिडकी ठरवलं, सगळा अंक तिच्यातून बाहेर डोकावतोय म्हणून. धवल म्हणून एक पोरगा होता, जन्मापासून दिल्लीत वाढलेला. त्याला निकाल कळण्याआधी शब्द विचारावे लागायचे. “काकू, तोकडी मतलब?” मग बाई सांगायच्या, तुझ्या मराठीसारखी.

चाळीस वर्षं दिल्लीत काढली, पण तोवर बाईंना स्वतःचं असं मैत्र कधी नव्हतं. सरकारी क्वार्टरच्या दिवसांत त्या शशिकांतच्या मिसेस होत्या. ऑफिसर लोकांच्या बायका त्यांच्याकडून मसाला करून न्यायच्या आणि किटी पार्टीला बोलवायला विसरायच्या. आता दहा शिकलीसवरलेली माणसं त्यांच्या एका शब्दासाठी खोळंबून राहायची, आणि तेही त्यांच्या डोळ्यासाठी, मसाल्यासाठी नव्हे. हा मान बाईंनी अंगावर शालूसारखा घेतला होता. डोळ्यात तेल घालून त्या तो जपत.

मग सुधन्वाच्या डोक्यात सासऱ्यांच्या घड्याळाचा किडा वळवळला. अगदी तस्संच, हिरव्या तबकडीचं हवं. त्याने ग्रुपवर काढलं तर सगळ्यांनाच हवं झालं. एकदम मागवली की माल निवडून मिळतो, म्हणून अकरा घड्याळं एकत्र मागवली. दहा जणांची दहा आणि सुधन्वाचं एक. अकराच्या अकरा काकूंच्या नजरेखालून गेली. अगदी निर्दोष एकही नव्हतं, पण प्रत्येकातली खोट बाईंनी ‘खपेल’ म्हणून शिक्का मारून सोडली. घड्याळं आली, हातात चढली, आणि दोन महिन्यांनी टूम निघाली की काकूंना एकदा प्रत्यक्ष भेटायचं, पाया पडायचं, आणि अकरा घड्याळं एका रांगेत मांडून फोटो काढायचा.

रविवार ठरला. रेवती त्या दिवशी लक्ष्मीबाई नगरला वडिलांकडे जाणार होती, कारण तिची आई कल्पनाताई बहिणीकडे पुण्याला गेल्या होत्या. बाईंनी मसालेभात, भरली वांगी आणि मठ्ठ्याचा बेत केला. शशिकांतराव पेपरमागे होते. निवृत्तीनंतर ते तिथेच राहत.

साडेअकराला दहा जण आले. पाया पडणं झालं. प्रसन्न फोनवर वाटायचा त्याहून लठ्ठ निघाला, धवल त्याहून लाजरा. अकरा हिरवी घड्याळं जेवणाच्या टेबलावर रांगेत लागली. बाई त्या रांगेवरून अशा चालत गेल्या, जसा राजपथावर सलामी घेणारा. प्रत्येकाच्या घड्याळाची खोट त्यांनी पुन्हा एकदा नव्याने सांगितली आणि प्रत्येक जण आपल्या पोराचं प्रगतिपुस्तक ऐकावं तसा कौतुकाने ऐकत होता.

तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

रेवतीचा आवाज आधी आला आणि मागून पद्माकररावांचं खाकरणं. लक्ष्मीबाई नगरला सकाळपासून पाणी नव्हतं, टँकर आला तो दुसऱ्या ब्लॉकला गेला, तेव्हा ती वडिलांना अंघोळीला आणि जेवायला इकडेच घेऊन आली होती. सुधन्वाचा चेहरा मठ्ठ्यासारखा झाला. चंद्रप्रभाबाईंनी मात्र हलल्यासारखंही न दाखवता चकलीचा रिकामा स्टीलचा डबा उचलला, पदराने टेबल पुसल्यासारखं केलं, आणि अकराच्या अकरा घड्याळं डब्यात गेली. वर झाकण. रेवती चपला काढून आत येईपर्यंत टेबलावर फक्त मेणकापड होतं आणि भोवती दहा पुरुष, ज्यांच्या प्रत्येकाच्या डाव्या मनगटावर एक पांढरा पट्टा उमटलेला होता.

“गणेशोत्सवाची कमिटी आहे,” बाई म्हणाल्या. “वर्गणीवर चर्चा चाललीय.”

गणपतीला अजून सात महिने होते. पण सासूने सांगितल्यावर महिने मोजायची रेवतीची पद्धत नव्हती.

पद्माकरराव अंघोळ करून, भांग पाडून बाहेर आले. कमिटीकडे बघून हसले, नेहमीप्रमाणे मनगट पुढे करून, बाहीत घेऊन, खुर्चीवर बसले. पानं मांडली जात होती. हात धुवायला उठताना त्यांनी घड्याळ काढून अलगद टेबलाच्या कडेला ठेवलं आणि बेसिनकडे गेले.

बाई वांग्याचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. टेबलाच्या कडेला हिरवं घड्याळ. ‘मेलं, एक राहिलं की,’ त्या मनात म्हणाल्या. रेवतीची पाठ होती. बाईंच्या हाताने जे करायचं ते इतक्या सफाईने केलं, की पातेल्यातली वांगीसुद्धा हलली नाहीत. झाकण उघडलं, बंद झालं.

पद्माकरराव हात पुसत आले आणि टेबलाकडे बघत राहिले.

पुढची पाच मिनिटं रेवती घरभर फिरत होती. सोफ्याच्या उशा निघाल्या, मेणकापड उचललं गेलं, शशिकांतरावांना पेपरसकट उठवण्यात आलं. बाबांचं जिनिव्हाचं घड्याळ, आत्ता होतं इथे, आत्ता. पद्माकरराव हे सगळं फार थोरपणे घेत होते. जाऊ दे गं, वस्तूच ती, शोधू नकोस, पाहुण्यांचा खोळंबा होतोय, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. काय मोठ्या मनाचा माणूस, असं सगळ्यांना वाटलं. चंद्रप्रभाबाईंना त्या क्षणी एवढंच कळलं, की व्याह्यांचं खरं घड्याळ आपल्या डब्यात अकरा नकलींबरोबर लोळतंय, आणि ते आपल्याच हाताने तिथे गेलंय.

डबा घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या. सुधन्वा मागून आला. आता काय, हा त्याचा प्रश्न होता आणि तो त्याने पाच वेळा विचारला.

“आता काही नाही,” बाई म्हणाल्या. “अकरांची तोंडं मला पाठ आहेत. अकरा बाजूला काढायची. उरेल ते खरं. एकेकाला मठ्ठा न्यायला आत पाठव.”

सुधन्वाने विचारलं, पट्टा हातात घालून मापाने ओळखता येणार नाही का? बाईंनी दारातून बाहेर नजर टाकली. दहातली आठ मनगटं एकाच मापाची होती, ऑफिसात बसून बसून वाढलेली.

आधी प्रसन्न आला. ओट्यावर फडक्यात बारा घड्याळं. त्याने वाकून बघितलं आणि हात टेकले. काकू, मला तर सगळी जुळी भावंडं दिसताहेत. बाईंनी एक उचलून त्याच्या खिशात घातलं. “हे तुझं. तीनचा ठिपका बघ, लग्नात मानपानावरून रुसलेल्या आत्येसारखा बाजूला उभा आहे.” चैतन्यचं त्यांनी खिडकीवरून ओळखलं. धवलच्या तारखेतला सात कुबडी टेकून चालायचा, तो सापडला. कुणाचा मिनिटकाटा टोकाला बोथट, कुणाच्या खालच्या ओळीतली दोन चित्रं एकमेकांच्या अंगावर रेललेली. एकेक जण मठ्ठ्याचा पेला घेऊन यायचा आणि खिसा जड करून जायचा. सुधन्वाचं घड्याळ शेवटून दुसरं. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. डोळा असा चालला होता, जसा उसाच्या रानात कोयता.

फडक्यावर बारावं उरलं.

बाईंनी ते उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि त्यांची मान तिरकी झाली.

पाचच्या जागचा ठिपका दारू प्यायल्यासारखा कलला होता. वरच्या ओळीतल्या शेवटच्या चित्राचं पोट फुगलेलं. सेकंदकाटा ठिपक्यांपर्यंत पोहोचतच नव्हता, वावभर आधी थांबून सलाम ठोकत होता. अकराच्या अकरा नकली त्याच्यापुढे राजघराण्यातली वाटावीत, असा तो ऐवज होता. तपासणीला आला असता तर बाईंनी लाल म्हणायचीही तसदी घेतली नसती.

मठ्ठा पुन्हा घ्यायच्या निमित्ताने प्रसन्न आणि धवल आत आले होते. त्यांनीही बघितलं. धवलसुद्धा म्हणाला की यार, हे खरं असूच शकत नाही. प्रसन्नने लगेच हिशेब मांडला. उरलेलं जर नकली असेल, तर खरं कुणाच्या तरी खिशात गेलंय. म्हणजे कुठेतरी काकूंचा डोळा चुकलाय. आता एकच उपाय, सगळ्यांचे खिसे रिकामे करून पुन्हा पहिल्यापासून.

“माझा डोळा चुकत नाही,” बाई म्हणाल्या.

“काकू, मग खरं कुठे गेलं?”

बाईंनी घड्याळ पुन्हा उजेडात धरलं. मग बाहेरून बेसिनच्या नळाचा आवाज आला, पद्माकरराव पुन्हा हात धूत होते, आणि चंद्रप्रभाबाईंना उत्तर मिळालं. तसल्या खऱ्या घड्याळाला पाण्याची भीती नसते. ते घालून माणसं समुद्रात बुड्या मारतात, हे ग्रुपमध्ये काल आलेलं पोरगंही सांगेल. मग व्याह्यांनी साधे हात धुवायला ते काढून ठेवलं कशाला? आणि नऊ वर्षं मनगट पुढे येतं न येतं तोच बाहीत का जातं? खरं कुठेच गेलं नव्हतं. खरं या घरात आलंच नव्हतं.

बाईंच्या छातीत नगारा वाजला. डोळा बरोबर होता. डोळा शंभर नंबरी होता. आणि वर, आयुष्यभर ‘आमचे बाबा खरं घेतात’ ऐकवणाऱ्या सुनेच्या बापाची शेंडी आज त्यांच्या मुठीत होती. अशी शेंडी सासूच्या हाती शंभर वर्षांत एकदा लागते. नुसतं दार उघडून बाहेर जायचं, रीतसर मान तिरकी करायची आणि एक शब्द उच्चारायचा.

त्या बाहेर आल्या तेव्हा रेवती वेगळ्याच ठिकाणी पोचली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती सुधन्वाला हळू आवाजात, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगत होती की घरात दहा अनोळखी माणसं आहेत. बुरा मत मानना, पण बाबांच्या घड्याळाचा प्रश्न आहे, ज्यांच्या मनात काही नाही त्यांना खिसे दाखवायला काय हरकत? दहा जणांचे हात आपापल्या खिशावर गेले. प्रत्येक खिशात एक हिरवं घड्याळ होतं. एकाने जरी खिसा उलटा केला असता तरी त्या घरात जन्मभराचं महाभारत झालं असतं.

“कुणी खिसे दाखवायचे नाहीत,” बाई म्हणाल्या. “चकलीच्या डब्यात पडलं होतं. माझाच धक्का लागला असेल. हे घ्या.”

पद्माकररावांनी घड्याळ तळहातावर घेतलं. त्यांनी वेळ बघितली नाही, काटा बघितला नाही. अंगठा सरळ पाचच्या ठिपक्यावर गेला आणि त्यावरून असा फिरला, जसा माणूस काळोखातसुद्धा आपल्या घराची कडी चाचपतो. त्यांनाही त्याची ओळख त्या खोटीवरूनच पटत होती. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांची नजर बाईंच्या तिरक्या मानेला भिडली. केंद्र सरकारचा अवर सचिव चौथीतल्या पोरासारखा दिसायला लागला.

इथे प्रसन्नला ग्रुपचा नियम आठवला. खोट दिसली तर तोंडावर सांगायची.

“साहेब, एकदा नीट बघून घ्या,” तो पुढे होऊन म्हणाला. “हे तुमचं नसावं. यात जरा…”

“म्हणजे काय?” रेवती वळली. “बाबांचं नाही? आणि तुम्हाला कसं कळलं?”

  दहा जण आणि सुधन्वा चंद्रप्रभाबाईंकडे बघत होते. काकू काय म्हणतात, हा प्रश्न आज पहिल्यांदाच फोनवर नव्हता, समोर उभा होता. बाईंनी रेवतीकडे पाहिलं. पोरगी वडिलांचा हात दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि त्या हातात ते घड्याळ होतं. जगात दुसरं काही खोटं निघालं असतं तरी तिने सोसलं असतं.

अडुसष्ट वर्षांत जे वाक्य चंद्रप्रभाबाईंच्या तोंडून नवऱ्याने, सासूने, अगदी मास्तरांच्या छडीनेही ऐकलं नव्हतं, ते त्यांनी त्या दिवशी दहा माणसांदेखत उच्चारलं.

“प्रसन्न, गप बस. चुकला माझा डोळा. हेच खरं.”

शशिकांतरावांचा पेपर खाली आला. चाळीस वर्षांत कधी नव्हे तो पूर्ण खाली आला. सुधन्वाने भिंतीला हात टेकला. धवलचा चेहरा असा झाला, जसं कुणी त्याला कुतुबमिनार काल पडला म्हणून सांगितलं असावं. रेवतीला डोळ्याचा काही संबंध लागला नाही, पण घड्याळ सापडलं यातच ती रडत-हसत पानं वाढायला लागली.

आता कुठलाही शहाणा माणूस यानंतर मुकाट्याने भात खाऊन उठला असता. पण पद्माकररावांना जीवदान मिळालं होतं, आणि जीवदान मिळालेल्या माणसाची जीभ सैल होते. मसालेभाताच्या दुसऱ्या वाढीला ते कमिटीकडे वळले आणि खऱ्या वस्तूची गोष्टच वेगळी, या विषयावर बोलायला लागले. खरं घड्याळ कानाला लावलं की कसं बोलतं, हातात त्याचं वजन कसं लागतं, नकली माल दहा पावलांवरून कसा ओळखावा. दहा जण खिशांवर हात ठेवून, मान डोलवत ऐकत होते.

“विहीणबाईंचं काही चुकलं नाही,” शेवटी ते उदारपणे म्हणाले. “खऱ्याची पारख करायला डोळा तयार व्हावा लागतो. ते काही वांग्यासारखं नाही.”

चंद्रप्रभाबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक वांगं वाढलं. ते पानात पडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला.

कमिटी पांगली. जाताना पाया पडली, पण सकाळच्यापेक्षा जरा कमी वाकली, हे बाईंनी बरोबर टिपलं. संध्याकाळी पद्माकरराव निघाले तेव्हा रेवती गाडीची किल्ली शोधत होती आणि बाई त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या. लिफ्ट येईपर्यंत दोघं दाराकडे बघत उभे राहिले.

“तो पाचचा ठिपका,” पद्माकरराव दाराकडेच बघत म्हणाले. “लगेच दिसतो का हो?”

“दिसतो.”

“मला पहिल्याच दिवशी दिसला होता. जिनिव्हाच्या दुकानात भाव ऐकून बाहेर आलो, आणि घरी सांगून बसलो होतो की घेणार. मग हे इथूनच मागवलं. नऊ वर्षं झाली. हिने विचारलं असतं तर सांगूनही टाकलं असतं एखादे वेळी. पण कुणी विचारलंच नाही. आणि मी तरी विचारू कुणाला, की बाबा रे, फार वाईट आहे का?”

बाईंना काहीतरी झणझणीत सुचलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्या दिवशीचं दुसऱ्यांदा. मग त्यांनी पदराखालून फोन काढला आणि त्यांना सांगितलं, की अशी एक जागा आहे. तिथे असली नऊ-नऊ वर्षांची दुखणी लोक हसतखेळत सांगतात, यथेच्छ टर उडवतात आणि रुसत नाहीत. पद्माकररावांनी एकच अट घातली, नाव कुठे येता कामा नये. बाईंनी शब्द दिला. सुधन्वालाही न सांगता त्यांनी नवा माणूस ग्रुपमध्ये घेतला. त्याने नवा नंबर घेतला आणि आपलं नाव ठेवलं ‘हौशी’. त्या रात्रीपासून लक्ष्मीबाई नगरचा दिवा उशिरापर्यंत जळत असावा, कारण आठवड्याभरात हौशी प्रसन्नची टिंगल करायला लागला, धवलला मराठी शब्द शिकवायला लागला, आणि आपल्या पाचच्या ठिपक्याचा फोटो टाकून स्वतःच त्याच्यावर चार ओळी लिहून मोकळा झाला. कुणाला त्या फोटोची ओळख पटली नाही. असलं घड्याळ त्यांनी एकदाच पाहिलं होतं, आणि ते तर काकूंच्या निकालाप्रमाणे खरं होतं. सगळ्यांनी मिळून ‘लाल’ म्हटलं. हौशीने हात जोडले. असा आनंदी माणूस ग्रुपला अनेक वर्षांत मिळाला नव्हता.

पुढच्या रविवारी धवलने निळ्या तबकडीचं एक नवं घड्याळ तपासणीला टाकलं. बाई वाटच बघत होत्या. पुन्हा गादीवर बसायची हीच वेळ. फोटो ताणला, चष्मा पुसला, आणि बटण दाबून त्यांनी निकाल दिला: लाल, नवव्या चित्राची शेपूट तोकडी.

पूर्वी असं झालं की चर्चा संपायची. या वेळी ती संपली नाही. मग हौशीचा निरोप आला. मराठीत होता, म्हणून बाईंनी बोट फिरवत एकेक शब्द वाचला.

‘मी नवीन आहे, क्षमा असावी. पण ज्यांना अस्सल घड्याळ हातात घेऊनही नकली वाटलं असं इथे ऐकतो, त्यांच्या सांगण्यावरून चांगला माल परत करू नये. माझा हिरवा.’

खाली भराभर आठ हिरवे पडले. नववा सुधन्वाचा होता, शेजारून आईच्या फोनमध्ये डोकावत तिच्या कानात पुटपुटलेला.

चंद्रप्रभाबाईंनी बोलायचं बटण दाबलं. समोर रेवती वडिलांशी फोनवर बोलत होती आणि हसत होती. बाबा हल्ली किती खुश असतात, असं हातानेच त्यांना खुणावत होती. बाईंनी बटण सोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. शेवटी, मनाचा मोठेपणा दाखवावा आणि विषय मिटवावा, म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती पिवळी तोंडं उघडली आणि त्यातलं हसरं पाठवायला गेल्या. बोट घसरलं. गेलं ते धाय मोकलून रडणारं.

लगेच प्रसन्नने विचारलं, “काकू, आज बोट चुकलं वाटतं?”